आडव्या धावेचा इतिहास : फोर-व्हील ड्राइव्ह, रॅली आणि खेळाचा पडदा

इंजिनाची ताकद चारही चाकांना एकाच वेळी पुरवणारी गाडी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह किंवा गॅरेजच्या बोलीत ‘फोर बाय फोर’, ही मुळात घसरू नये म्हणून घडवली गेली. चिखल, बर्फ, वाळू किंवा ओली काळी माती यांत दोन चाके जागीच फिरू लागली, तर उरलेल्या दोन चाकांनी गाडी ओढून काढावी, एवढाच तिच्या रचनेमागचा हेतू होता. ड्रिफ्ट ही चालवण्याची रीत याच्या नेमकी उलट आहे, कारण तीत चालक टायरची पकड जाणूनबुजून तोडतो, गाडी वळणावर आडवी घेतो आणि ती आडवी असतानाच अ‍ॅक्सिलरेटर व स्टिअरिंग यांच्या साहाय्याने तिला ताब्यात ठेवतो. न घसरण्यासाठी बांधलेल्या गाडीला सुंदर घसरायला शिकवण्याची ही खटपट रॅलीत सुरू झाली आणि गेल्या तीन दशकांत मुख्यतः शर्यतींच्या व्हिडिओ गेममध्ये पुढे गेली. तिचा माग काढायचा तर युरोपातील रॅली, जपानचे घाटरस्ते आणि पुण्याच्या पूर्वेकडील कारखाने व वसाहती हे तिन्ही एका पटावर मांडावे लागतात.

मांजरी हे त्या पटावरचे एक टोक आहे. मुळा-मुठेच्या दक्षिण तीरावर मांजरी बुद्रुक आणि उत्तर तीरावर मांजरी खुर्द अशी ही दोन गावे. ऊस आणि द्राक्ष यांच्याशी त्यांचे नाते इतके जुने, की १९७५ मध्ये स्थापन झालेली व पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्हींचा पत्ता मांजरीचाच आहे. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत मांजरी बुद्रुक होते. परंतु गावाचे शहरीकरण त्याआधीच, हडपसरची औद्योगिक वसाहत आणि मगरपट्ट्याची संगणक-कार्यालये यांच्या ओढीने, बरेच पुढे गेले होते. शेजारच्या मुंढव्यात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जच्या भट्ट्यांतून क्रँकशाफ्ट आणि वाहनांच्या पुढच्या आसाचे घडीव भाग बाहेर पडत आले आहेत. म्हणजे वाहन ज्या लोखंडावर उभे राहते ते लोखंड या परिसराच्या परिचयाचे होते. मात्र चार चाकांत ताकद कशी वाटली जाते आणि ती वाटणी बदलल्यावर गाडीचा स्वभाव कसा पालटतो, हे येथील तरुणांना कारखान्याच्या आधी खेळाच्या पडद्याने दाखवले, असे म्हणण्यास बराच आधार आहे.

महाराष्ट्रात फोर-व्हील ड्राइव्हची ओळख जीपने करून दिली. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेली विलिस कंपनीची जीप स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने मुंबईत जोडण्यास सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षे जंगल खाते, पाटबंधारे खाते, पोलीस, साखर कारखाने आणि निवडणुकीचा प्रचार यांत हीच गाडी दिसत राहिली. तिच्या यंत्ररचनेत एक मर्यादा होती आणि पुढची सगळी कथा त्या मर्यादेभोवती फिरते. गाडी वळते तेव्हा चारही चाके सारखे अंतर कापत नाहीत. खळ्यात मेढीभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पातीत कडेच्या बैलाला आतल्या बैलापेक्षा जास्त चालावे लागते, तसे बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते. एकाच आसावरील दोन चाकांना हा फरक करू देणारी दातेरी चक्रांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. पुढचा आस आणि मागचा आस यांच्यातही असाच फरक पडतो, परंतु जीपमध्ये या दोन आसांमधले मधले डिफरन्शियल नव्हते. फोर-व्हीलचा दांडा ओढला की दोन्ही आस एकमेकांशी जखडले जात. चिखलात याने काही बिघडत नसे, कारण चाक थोडे घसरून तो फरक भरून काढी. कोरड्या डांबरावर मात्र चाकांना घसरायला वाव नसल्याने सगळा ताण आसांवर येई, स्टिअरिंग जड होई, आणि म्हणून अनुभवी चालक पक्का रस्ता लागताच दांडा पुन्हा टू-व्हीलवर आणत. नाशिकला तयार होणारी आजची थारही पुढच्या आसाची जोडणी गरजेपुरतीच करण्याच्या याच परंपरेत बसते. या परंपरेत वेगाला स्थान नव्हते. फोर-व्हीलचा दांडा हा अडकलेल्याने सुटण्यासाठी ओढायचा असतो, ही समजूत महाराष्ट्राच्या मनात इतकी घट्ट बसली की त्याच रचनेतून वळणावरची गती काढता येईल ही कल्पना येथे बाहेरून यावी लागली.

ती कल्पना ज्या माणसाच्या नावाशी जोडलेली आहे, ते नाव मांजरीच्या उसाच्या फडालाही अपरिचित नाही. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्याची तीन बिंदूंची जोडणी ज्याने रूढ केली, त्या हॅरी फर्ग्युसनने आयुष्याच्या उत्तरार्धात चारही चाकांवर कायम चालणाऱ्या मोटारीचा ध्यास घेतला होता. १९६० मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संशोधन-संस्थेने बांधलेली पी-९९ ही शर्यतीची गाडी घेऊन स्टर्लिंग मॉसने इंग्लंडमधील ऊल्टन पार्कचा गोल्ड कप जिंकला. फॉर्म्युला वनच्या नियमांखाली झालेली शर्यत, जरी ती जागतिक अजिंक्यपदाच्या मोजणीतली नसली तरी, फोर-व्हील ड्राइव्ह गाडीने जिंकल्याचा तो एकमेव प्रसंग आहे. १९६६ मध्ये आलेल्या जेन्सन एफएफ या मोटारीत फर्ग्युसनची पद्धत रस्त्यावर उतरली. तिच्या मधल्या डिफरन्शियलने ताकदीचे ३७ टक्के पुढे आणि ६३ टक्के मागे अशी विषम वाटणी केली होती. मागच्या चाकांना झुकते माप देण्याचा हा निर्णय लक्षात ठेवावा लागतो, कारण आज कोणत्याही गेममध्ये फोर-व्हील गाडी ड्रिफ्टसाठी तयार करणारा खेळाडू सर्वांत आधी हात घालतो तो याच आकड्याला.

खरी उलथापालथ ऑडीने केली. फोक्सवॅगनने सैन्यासाठी बांधलेले इल्टिस हे वाहन फिनलंडच्या हिवाळी चाचण्यांमध्ये कितीतरी अधिक ताकदीच्या गाड्यांना मागे टाकते, हे १९७७ मध्ये ऑडीचा अभियंता यॉर्ग बेन्सिंगर याच्या नजरेस आले आणि त्यातून मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो ही गाडी सादर झाली. गिअरबॉक्समधील एका पोकळ शाफ्टच्या आतून ताकद पुढे नेऊन मधले डिफरन्शियल अगदी आटोपशीर जागेत बसवण्याची युक्ती ही तिची खरी देणगी होती. १९८१ मध्ये ती जागतिक रॅली स्पर्धेत उतरली. त्याच वर्षी मिशेल मूतोंने सान रेमोची रॅली जिंकली आणि जागतिक मालिकेतील रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. १९८२ आणि १९८४ ची उत्पादक अजिंक्यपदे ऑडीने घेतली, १९८३ मध्ये हान्नू मिक्कोला आणि १९८४ मध्ये स्टिग ब्लॉमक्विस्ट हे चालकांचे अजिंक्यवीर झाले.

परंतु क्वाट्रोत एक दोष होता, आणि चारही चाकांच्या ड्रिफ्टचे शास्त्र त्या दोषाशी झगडताना तयार झाले. तिचे पाच सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेले असल्यामुळे नाक जड होते, आणि पुढची चाके एकाच वेळी गाडी ओढण्याचे व वळवण्याचे काम करीत असल्याने वळणावर गाडी आत न वळता सरळ जाऊ पाही. टायरची एकूण पकड ठरावीक असते. तिचा जो हिस्सा ओढण्यात खर्च होतो तो वळवण्यासाठी उरत नाही, हा यामागचा साधा हिशेब आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि मोकळी असलेली पुढची चाके गाडीला दिशा देत राहतात. फोर-व्हील गाडीत मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी सरळ होऊ लागते. त्यामुळे तिला आडवे घ्यायचे काम ताकदीवर सोपवता येत नाही, ते वळणापूर्वीच उरकावे लागते. त्यासाठी उत्तर युरोपातील चालकांकडे दोन जुनी अस्त्रे होती. पहिले म्हणजे वळणाच्या आधी गाडी क्षणभर विरुद्ध दिशेला झुकवून तिचे वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला झोक्यासारखे फेकणे. दुसरे म्हणजे उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवूनच डाव्या पायाने ब्रेक दाबून वजन पुढच्या चाकांवर आणणे आणि मागचा भाग हलका करणे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साबच्या चालकांनी ही रीत आधीच रुळवली होती. या दोन्हींपैकी एकाने गाडी आडवी झाली की मग अ‍ॅक्सिलरेटर, आणि मग चारही चाके खडी उडवीत गाडीला तिरक्या अवस्थेतच वळणाबाहेर ओढून नेतात. या आडव्या धावेत कोन कमी असतो, वेग जास्त असतो आणि उलटे स्टिअरिंग, म्हणजे घसरणीच्या दिशेने चाके वळवून तोल राखणे, फारच थोडे लागते. गेममध्ये फोर-व्हील ड्रिफ्टची जी ओळखीची ठेवण दिसते ती ही आहे, आणि ती कोणा खेळ-निर्मात्याने कल्पनेने रचलेली नसून बर्फावर व मुरुमावर कमावलेली आहे, हे ठासून सांगण्याची गरज आहे.

जपानमध्ये हे शास्त्र दोन वेगळ्या प्रवाहांना मिळाले. पहिला प्रवाह कारखान्यांचा. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आर या गाडीत ताकद मुळात मागच्या चाकांना जाई आणि मागची चाके घसरू लागल्याचे संवेदकांनी कळवताच संगणक-नियंत्रित क्लच पुढच्या चाकांना अर्ध्यापर्यंत हिस्सा देई; या गाडीने १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेच्या २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. १९९२ मध्ये सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या रॅलीसाठी जन्मलेल्या गाड्या आल्या आणि इम्प्रेझाच्या काही आवृत्त्यांत तर मधल्या डिफरन्शियलची जखड, म्हणजे दोन्ही आस एकमेकांशी किती बांधलेले असावेत, हे चालकाला आसनाशेजारच्या चक्रीने ठरवता येऊ लागले. दुसरा प्रवाह घाटरस्त्यांचा होता. केइची त्सुचिया यांच्यासारख्या चालकांनी लोकप्रिय केलेली ड्रिफ्टची कला मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाड्यांची होती, आणि १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेने तीच परंपरा जगभर नेली. पुढे २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट या स्पर्धेने नियमच केला की ताकद शेवटी मागच्या चाकांनाच मिळाली पाहिजे. फोर-व्हील गाडी आणायची असेल तर तिचा पुढचा आस इंजिनापासून तोडूनच आणावी लागते. या नियमामागे परीक्षणाची सोय असावी, कारण गाड्यांचे वर्तन सारखे असेल तर गुण देणे सोपे जाते. परंतु त्यामुळे ‘फोर-व्हीलचा ड्रिफ्ट हा खरा ड्रिफ्टच नव्हे’ असा जो समज पसरला, तो रॅलीचा संपूर्ण इतिहास पुसून टाकणारा आहे आणि तो स्वीकारण्याचे कारण नाही. केन ब्लॉक या अमेरिकन रॅलीचालकाने २००८ पासून जिमखाना या चित्रफितींतून आधी इम्प्रेझा आणि २०१४ मध्ये चारही चाकांवर चालणारी, ८०० पेक्षा अधिक अश्वशक्तीची १९६५ ची मस्टँग आडवी घेऊन दाखवली, तेव्हा या वादाचा निकाल प्रेक्षकांपुरता तरी लागला.

व्हिडिओ गेमच्या बाजूने पाहिले तर १९९३ च्या रिज रेसरमध्ये ड्रिफ्ट ही जवळपास कळ दाबल्यावर मिळणारी अवस्था होती. कोणत्या चाकांना ताकद जाते याचा तेथे प्रश्नच उद्भवत नव्हता. १९९४ च्या सेगा रॅली चॅम्पियनशिपने टोयोटा सेलिका जीटी-फोर आणि लान्चिया डेल्टा इंटिग्राले या दोन फोर-व्हील गाड्या खेळाडूच्या हाती दिल्या आणि डांबर, माती व खडी यांवर पकड वेगवेगळी असते हे हाताला जाणवून दिले. डिसेंबर १९९७ मध्ये काझुनोरी यामाउची यांच्या चमूने जपानमध्ये आणलेल्या ग्रान टुरिस्मोने पुढचे पाऊल टाकले. स्प्रिंगचा कडकपणा, टायरच्या कलाचा कोन, गिअरचे प्रमाण, डिफरन्शियलची जखड हे सारे त्यात आकड्यांच्या रूपाने खेळाडूसमोर मांडले गेले, आणि मालिकेच्या नंतरच्या भागांत मधल्या डिफरन्शियलची वाटणीही बदलता येऊ लागली. रॅलीच्या तंबूत अभियंता आणि चालक यांच्यात जे बोलणे होई, ते या तक्त्यामुळे घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर येऊन बसले.

पुण्यात मात्र ही क्रमवारी जरा उलटी घडली. १९९५ मध्ये देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू झाल्यानंतर शहरात सायबर कॅफे फोफावले, महाविद्यालयांच्या आसपासच्या काही कॅफेंमध्ये संगणक एकमेकांना जोडून ताशी दराने खेळण्याची सोय झाली, आणि घरोघरी आलेल्या असेम्बल केलेल्या संगणकांवर नकली सीडीवरून गेम चढवण्याची पद्धत पडली. ग्रान टुरिस्मो ज्यावर चाले त्या प्लेस्टेशनपेक्षा संगणक अधिक घरांत असल्याने येथे तिच्याऐवजी नीड फॉर स्पीड ही शर्यतींची मालिका रुजली. नोव्हेंबर २००३ मध्ये आलेल्या नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंडमध्ये ड्रिफ्टची स्वतंत्र शर्यत होती, परंतु त्या शर्यतीत गाडीच्या वर्तनाचे नियमच वेगळे लावले जात, त्यामुळे पुढच्या चाकांवर चालणारी गाडीसुद्धा मागच्या चाकांच्या गाडीइतक्याच सहजतेने आडवी होई. एका संपूर्ण पिढीला ड्रिफ्ट माहीत झाला तो असा, चाकांमधल्या फरकाशिवाय. गाडीचा रंग, मागचा स्पॉयलर आणि नायट्रस यांवर तासन् तास खर्च झाले आणि डिफरन्शियल कोणाच्या बोलण्यात आले नाही. याला त्या पिढीचा उथळपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पडद्याने जे दाखवलेच नाही ते खेळाडूने कोठून शिकावे?

ही उणीव फोर्झा मालिकेने भरून काढली. २००५ मध्ये सुरू झालेली ही मालिका केवळ एक्सबॉक्सवर होती आणि भारतात एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये अधिकृतपणे आले तरी त्याची किंमत मध्यमवर्गीय घराला पेलणारी नव्हती. म्हणून तिचा खरा प्रसार २०१६ मध्ये फोर्झा होरायझन ३ विंडोज संगणकावर आल्यानंतर आणि पुढे २०१८ व २०२१ च्या भागांमुळे झाला. या मालिकेतील गाड्यांच्या चित्ररूपाचे काही काम बंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या १९९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत झाले होते, ही गोष्ट भारतीय वाचकाने अभिमानाने नोंदवावी अशी आहे. फोर्झामध्ये मागच्या चाकांची गाडी फोर-व्हील करून घेता येते, आणि पुढचे, मागचे व मधले अशी तिन्ही डिफरन्शियल वेगवेगळी जुळवता येतात. रस्त्यावर आखलेल्या ड्रिफ्टच्या पट्ट्यांत कोन, वेग आणि आडवे राहण्याचा काळ यांवर गुण मिळत असल्याने, वेग न गमावता आडवी राहणारी आणि चूक झाली तरी पटकन सावरणारी फोर-व्हील गाडी तेथे फायद्याची ठरली, आणि अशा गाडीची सेटिंग बसवणे हाच एक स्वतंत्र छंद झाला.

हा छंद जवळून पाहण्यासारखा आहे. एखादी इम्प्रेझा किंवा लान्सर घेतली तर खेळाडू प्रथम मधल्या डिफरन्शियलची वाटणी मागे सरकवतो. मूळची ती बरोबरीच्या आसपास असली, तर ती मागच्या आसाकडे ७० ते ९० टक्क्यांपर्यंत नेली जाते. पूर्ण १०० टक्के केल्यास पुढची ओढ संपते आणि गाडी वळणाबाहेर निघताना वेग गमावते, तर ६० च्या खाली आणल्यास ती पुन्हा सरळ होऊ पाहते. या दोन टोकांमधला नेमका आकडा टायर, वजन आणि अश्वशक्ती यांवर ठरतो आणि तो केवळ पुन्हा पुन्हा चालवूनच सापडतो. त्यानंतर मागच्या डिफरन्शियलची जखड जवळजवळ पूर्ण केली जाते, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरून एकदम पकड सोडतात आणि गाडी अर्धवट न घसरता ठामपणे आडवी होते. पुढच्या डिफरन्शियलची जखड मात्र हलकी ठेवली जाते, कारण ती वाढली की पुढची दोन चाके एकमेकांना बांधली जाऊन स्टिअरिंग बोथट होते. मग सस्पेन्शन येते : मागचा अँटीरोल बार, म्हणजे वळताना गाडी एका कुशीला झुकू नये म्हणून दोन चाकांना जोडणारा दांडा, कडक केला जातो आणि पुढचा मऊ, पुढच्या टायरचा वरचा काठ आत झुकवला जातो, ज्यामुळे गाडी तिरकी असताना तो पुरता टेकतो, मागच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवली जाते. शेवटी गिअरचे प्रमाण असे जुळवतात की संपूर्ण वळण तिसऱ्या गिअरमध्येच निघावे, कारण आडव्या अवस्थेत गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटली तर चाके पकड धरतात आणि गाडी झटक्याने सरळ होते.

एवढे करून गाडी वळणावर नेली तरी ती आपोआप आडवी होत नाही. वळणाच्या आधी विरुद्ध दिशेला हलकासा झोक द्यावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडावा लागतो किंवा हँडब्रेकला जेमतेम स्पर्श करावा लागतो, आणि मागचा भाग बाहेर निघाल्याचे दिसताच लगेच पूर्ण ताकद द्यावी लागते. मागच्या चाकांच्या गाडीवर शिकलेला खेळाडू येथे हमखास अडतो, कारण तो सवयीने भरपूर उलटे स्टिअरिंग देतो. फोर-व्हील गाडीची पुढची चाके जिकडे तोंड करतात तिकडे गाडीला ओढून नेत असल्यामुळे त्या उलट्या स्टिअरिंगने ती थेट बाहेरच्या कठड्याकडे धावते. चाके जवळपास सरळ ठेवून अ‍ॅक्सिलरेटरनेच कोन राखायचा, ही उमज आल्याशिवाय कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही. मिक्कोला आणि ब्लॉमक्विस्ट यांच्या पिढीने बर्फावर जे कमावले ते हेच, आणि कंट्रोलरवर अंगठा ठेवून बसलेल्या मुलाला तेथे पोहोचण्यासाठी त्यांच्याच क्रमाने, त्यांच्याच चुकांमधून जावे लागते. आभासी गाडी खऱ्या गाडीची नक्कल करते हा आक्षेप या ठिकाणी गैरलागू ठरतो, कारण टायरच्या पकडीचे गणित दोन्हीकडे एकच आहे.

दोहोंत एक मोठा फरक मात्र आहे. फर्ग्युसनची ३७ आणि ६३ ची वाटणी दातेरी चक्रांच्या आकारातून येत होती. ती बदलायची तर पेटी उघडून चक्रे बदलावी लागली असती. गेममध्ये तोच बदल एका पट्टीवर बोट सरकवून होतो. या सहजतेने खेळाडूला असंख्य प्रयोग करू दिले, आणि खऱ्या उद्योगानेही पुढे तीच दिशा धरली : २०१६ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये ड्रिफ्टसाठी स्वतंत्र मोड आला, आणि त्यानंतर लवकरच मर्सिडीज-एएमजीच्या ई-६३ एसमध्ये पुढची चाके पूर्णपणे सोडवून टाकण्याची सोय झाली. गेमच्या तक्त्यातली पट्टी जणू डॅशबोर्डवर आली.

महाराष्ट्र या बदलाच्या अगदी शेजारी उभा आहे. क्वाट्रोची निर्माती ऑडी आपल्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे जोडते. मर्सिडीजच्या फोरमॅटिक, म्हणजे चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या चाकणला तयार होतात आणि २०२० मध्ये भारतात जोडलेली पहिली एएमजी गाडी तेथूनच बाहेर पडली. रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनते. वाहनांना प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. रॅलीच्या क्षेत्रातही नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र राष्ट्रीय मालिकेत गाजली होती, आणि दिल्लीच्या गौरव गिल यांनी चारही चाकांच्या श्कोडा फाबियावर २०१३, २०१६ व २०१७ ची आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपदे जिंकून २०१९ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. तरीही या प्रदेशातील तरुणाला डिफरन्शियलची जखड स्वतः बदलून पाहण्याची जागा प्रत्यक्षात मिळत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या रचनेतील बदलांना आवर घालते आणि कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरील वेगाच्या शर्यतींना दंडनीय ठरवते, आणि मांजरी-हडपसरच्या गजबजलेल्या रस्त्यांचा विचार करता ही दोन्ही बंधने योग्यच आहेत. रस्त्यावर गाडी आडवी घेणारा चालक स्वतःच्या हौसेची किंमत पायी चालणाऱ्याच्या जिवावर लावत असतो. बंद धावपट्टी सामान्यांच्या आवाक्यात नाही. उरतो तो पडदा, आणि म्हणूनच पुण्याच्या पूर्वेकडील मुलाने या शास्त्राचा जो काही अभ्यास केला तो पडद्यावर केला, ही वस्तुस्थिती मनोरंजन म्हणून बाजूला सारण्याऐवजी तंत्रशिक्षणाच्या इतिहासात नोंदवली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, परंतु ती मान्यता जिंकण्या-हरण्याची आहे. गाडी समजून घेणाऱ्या हाताची नोंद तीत होत नाही.

ही नोंद तातडीने करण्याचे एक ठोस कारण आहे. फोर्झा होरायझनमधील सेटिंग खेळाच्या सर्व्हरवर साठवली जाते आणि नव्या भागांत तर नऊ अंकी क्रमांक सांगून ती दुसऱ्याला देता येते, त्यामुळे कागदावर लिहून ठेवण्याची गरजच कोणाला वाटली नाही. २२ ऑगस्ट २०२३ रोजी होरायझनच्या पहिल्या दोन भागांच्या ऑनलाइन सेवा बंद झाल्या आणि इतरांनी तेथे ठेवलेल्या सेटिंग शोधण्याचा मार्ग मिटला. १५ डिसेंबर २०२४ रोजी चौथा भाग विक्रीतून काढून घेण्यात आला. क्वाट्रोचा वारसा ऑडीच्या संग्रहात जपला गेला आहे, पण मांजरीत किंवा हडपसरात बसून एखाद्याने लान्सरच्या मधल्या डिफरन्शियलचा योग्य आकडा शोधला असेल, तर त्याचा पुरावा परदेशातील एका यंत्रावर आहे आणि ते यंत्र कधीही बंद होऊ शकते. ज्यांच्याकडे अशा सेटिंग आहेत त्यांनी गाडीचे नाव, तिन्ही डिफरन्शियलचे आकडे, टायरची हवा, गिअरचे प्रमाण आणि तो आकडा का निवडला याचे दोन ओळींचे कारण वहीत मराठीत लिहून ठेवावे, आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील वाहन-विभागांनी त्या वह्या मागवून घ्याव्यात.